पहिली फुल मॅरेथॉन: तीनपैकी कुठली शर्यत घ्यावी?

दमछाक:

१० किमी ६१ मिनिटांत होतात, हाफ (२१.१ किमी) २ तास १४ मिनिटांत. आठवड्यातून चार दिवस मिळून ३५ किमीच्या आसपास धावते, आतापर्यंतचा सगळ्यात लांब पल्ला २२ किमी. वय ४१, वजन ६२ किलो. सध्या दुखापत नाही, पण नडगीचा जुना त्रास आहे. फुल (४२.२ किमी) करायची हे नक्की आहे, शर्यत ठरत नाहीये. समोर तीन पर्याय आहेत.

अ) शहरातली, दोन फेऱ्यांची, जवळपास सपाट, एकूण चढ ९० मीटर. १८ आठवड्यांनी. कट-ऑफ (संपवायची कमाल वेळ) ६ तास. पहाटे साडेपाचला सुटते. हवा उबदार आणि दमट असणार.

ब) डोंगरातल्या डांबरी रस्त्यावरची, जिथे सुरू तिथेच संपते. एकूण चढ ७८० मीटर. २५ आठवड्यांनी. कट-ऑफ ७ तास, शिवाय ३० किमीला मधला कट-ऑफ ४ तास ३० मिनिटं. हवा थंड.

क) वरून खाली येणारी, निव्वळ उतार ६०० मीटर. २१ आठवड्यांनी, कट-ऑफ ६ तास.

ग्रुपमधले बहुतेक जण म्हणतात क घे, उतारामुळे वेळ चांगली येते. मला वेळेची फार हाव नाही, पण धडपणे आणि शक्यतो न लंगडता संपवायची आहे. कुठली घ्यावी? आणि १८ आठवडे पुरतील का?

---

चढउतार:

क आधी बाजूला काढा. उतारावर दम कमी लागतो हे खरं, पण बिल मांडीला येतं. खाली उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि स्नायूचे धागे सगळ्यात जास्त फाटतात ते याच प्रकारच्या कामात. २५-२८ किमीपर्यंत मजा वाटते, पुढे गुडघा वाकवला की मांडी थरथरते आणि उरलेला उतार शिक्षा होऊन बसतो. तयारी करता येते: दहा-बारा दिवसांतून एकदा ३-४ किमीचा सलग उतार, हळूहळू वाढवत. पण ज्यांना तसा रस्ता हाताशी आहे त्यांनीच त्या वाटेला जावं. नडगीचा इतिहास असताना पहिल्याच फुलला हे नको.

त्या 'चांगल्या वेळे'चंही जरा बघा. जागतिक विक्रमासाठी नियम असा आहे की सुरुवात ते शेवट निव्वळ उतार किलोमीटरमागे १ मीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे फुलला ४२ मीटर. आणि सुरुवात व शेवट यांच्यातलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नको. म्हणून २०११ साली जेफ्री मुताईने बॉस्टन मॅरेथॉनला काढलेले २:०३:०२ विक्रम म्हणून धरले गेले नाहीत. तिथला उतार जेमतेम १४० मीटरच्या आसपास आहे, तुमच्या क मध्ये ६०० आहे. बॉस्टननेही २०२७ च्या पात्रतेपासून १,५०० फुटांहून जास्त निव्वळ उताराच्या शर्यतींच्या वेळेत ५ मिनिटं मिळवायला सुरुवात केली आहे, त्याहून तीव्र उताराला आणखी जास्त.

आता ब. चढाच्या शर्यतीचा अंदाज घ्यायला ट्रेलवाल्यांचं (डोंगरवाटांवर धावणाऱ्यांचं) सूत्र वापरतात: किलोमीटरमध्ये अंतर घ्या आणि प्रत्येक १०० मीटर चढाला १ किमी मिळवा. ब होते ४२.२ + ७.८ = ५०'श्रम-किमी'. अ होते ४३.१. अ ला तुम्हाला ४ तास ५५ मिनिटं लागतील असं धरलं तर श्रम-किमीला ६ मिनिटं ५० सेकंद पडतात. त्या हिशेबाने ब ला साधारण ५ तास ४२ मिनिटं. डांबरी रस्त्यावर सूत्र थोडं कडक पडतं, कारण उतारावर काही वेळ परत मिळतो, पण पहिल्यांदा करणाऱ्याने कडकच धरावं.

७ तासांत ५:४२ आरामात बसतं असं वाटेल. खरी अडचण त्या मधल्या कट-ऑफला आहे. उंचीचा आलेख उघडा आणि ३० किमीपर्यंत किती चढ संपतो ते मोजा. समजा ६५० मीटर संपतो. म्हणजे तिथवर ३६.५ श्रम-किमी, साधारण ४ तास १० मिनिटं. हातात राहिली २० मिनिटं. आता नियमावलीत बघा, कट-ऑफ बंदुकीपासून मोजतात की तुमच्या चिपपासून, म्हणजे तुम्ही सुरुवातीची रेष ओलांडल्यापासून. बंदुकीपासून असेल आणि तुमचा गट १० मिनिटं उशिरा सुटत असेल, तर उरली १०. त्यात एकदा शौचालयाची रांग लागली की संपलं. असं ७ तासांच्या शर्यतीत ३० किमीलाच गाडीत बसवलेले लोक दर वेळी दिसतात.

अ ला ६ तास म्हणजे सरासरी ८:३२ चा पेस (किलोमीटरला लागणारी मिनिटं:सेकंद). तुम्हाला ७ च्या आसपास धावायचं आहे, तासाभराची गादी आहे. माझं मत अ.

नोंदणीआधी आणखी तीन गोष्टी बघून घ्या. एक, मार्ग अधिकृत मोजलेला आहे का. योग्य मोजणी कॅलिब्रेट केलेल्या सायकलने, शक्य त्या सगळ्यात जवळच्या रेषेने करतात, आणि मार्ग आखूड भरू नये म्हणून हजारी एक मीटर, म्हणजे फुलला ४२ मीटर जास्तीचे टाकतात. दोन, पाण्याची टेबलं किती अंतरावर आहेत आणि शेवटच्या धावपटूपर्यंत ती चालू राहतात का. चार तासांवाल्यांसाठी सगळं असतं, पाच तासांवाल्यांना रिकामे ग्लास मिळतात, ही तक्रार फार जुनी आहे. तीन, दोन फेऱ्यांच्या शर्यतीत हाफवाले त्याच रस्त्यावर किती वाजता सोडतात. साडेपाचला फुल आणि साडेसहाला हाफ असेल तर पहिली फेरी संपवताना पुढच्या गर्दीत अडकायची किंवा मागच्यांच्या लोंढ्यात सापडायची शक्यता असते.

---

सावकाश:

चढउतार यांच्याशी सहमत, फक्त अ चा उकाडा एवढ्यात सोडून देऊ नका, त्यावर शेवटी लिहितो.

आधी वेळेचा अंदाज. रीगलचं सूत्र: नवीन वेळ = जुनी वेळ × (नवीन अंतर ÷ जुनं अंतर) चा १.०६ वा घात. तुमच्या १० किमीच्या ६१ मिनिटांवरून हाफ २:१५ येतो आणि तुम्ही २:१४ केलाय. म्हणजे हाफपर्यंत दम वेगाला पुरतोय, ही चांगली खूण. त्याच सूत्राने फुल ४:३९ येते. ती खरी धरू नका. १.०६ हा आकडा भरपूर किलोमीटर घालणाऱ्यांना बसतो, आठवड्याला ३५-५० किमीवाल्यांची फुल त्याहून १५-२५ मिनिटं लांबते. ४:५५ ते ५:०५ धरा, म्हणजे पेस साधारण ७:००-७:१४.

१८ आठवडे पुरतात, कारण तुम्ही शून्यापासून निघत नाही आहात. लांब पल्ल्याचे आकडे आठवड्यागणिक असे ठेवा: १८, २०, २२, १६, मग २२, २४, २६, १८, मग २६, २८, २९, २०, मग ३०, २४, ३१, २२, १४ आणि १८ व्या आठवड्यात शर्यत. सुरुवातीचे तीन टप्पे चार-चार आठवड्यांचे आहेत आणि प्रत्येकातला चौथा आठवडा मुद्दाम उतरवलेला आहे. तो गाळायचा मोह होतो, कारण नेमकं तेव्हाच पाय हलके वाटायला लागतात. १४ व्या आठवड्यातल्या २४ किमीत शेवटचे १४ शर्यतीच्या पेसने. आठवड्याची बेरीज ३५ वरून १३-१५ व्या आठवड्यात ५५-५८ पर्यंत.

बाकीचे तीन दिवस: एक ८ किमी सावकाश, एक मधला पल्ला १२-१४ किमी, आणि एक दिवस थोडा जोर. जोराच्या दिवशी पहिले सहा आठवडे फक्त ८ किमी आणि शेवटी ६ वेळा २० सेकंद झपझप, मध्ये चालत परत. सातव्यापासून टेम्पो, म्हणजे जोराचा पण टिकवता येणारा वेग: २ किमी गरम व्हायला, मग १५ मिनिटं ६:१०-६:२० ने, ३ मिनिटं सावकाश, परत १५ मिनिटं. पुढे २० + २० पर्यंत न्या. त्यापेक्षा वेगाचं काही करायची गरज नाही. चारशे मीटरचे इंटरव्हल फुलसाठी तुमच्या पातळीवर फायदा थोडा आणि पोटरीला ताण जास्त असा व्यवहार आहे.

सावकाश म्हणजे खरंच सावकाश. तुमच्यासाठी ७:२५-७:५०. पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत, तुटक शब्द नव्हेत. बहुतेक हौशी धावपटू सावकाश दिवशी ६:५० ने जातात आणि टेम्पोच्या दिवशीही ६:३५ पेक्षा वेगाने जाऊ शकत नाहीत. सगळा आठवडा मधल्याच वेगात जातो आणि पाय कधीच ताजे होत नाहीत. घड्याळात अनेकदा हृदयाच्या झोनचे आकडे '२२० वजा वय' या ढोबळ सूत्रावर बसवलेले असतात, ते माणसागणिक १०-१५ ठोक्यांनी चुकू शकतात. बोलून बघणं जास्त भरवशाचं.

उकाड्याबद्दल: दमट हवेत घाम गळतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. शरीराला उष्णतेची सवय लागायला १०-१४ दिवस लागतात, म्हणून शेवटच्या तीन-चार आठवड्यांत काही सावकाश धावा मुद्दाम उबदार वेळेला ठेवा, सगळ्या गार पहाटे नकोत. शर्यतीच्या दिवशी पहिल्या ५ किमीतच बनियन भिजून अंगाला चिकटला तर ठरवलेला पेस सोडा, किलोमीटरमागे १५-२० सेकंद आत्ताच द्या. ३० नंतर मिनिटांनी द्यावे लागतात.

---

पोटरी:

लांब पल्ल्याच्या बाबतीत माझा विरोध नोंदवून ठेवा. ३१ किमी ७:४० ने म्हणजे ३ तास ५८ मिनिटं. तीन-सव्वातीन तासांनंतर दमाला मिळणारा फायदा फारसा वाढत नाही, पण हाडाला आणि स्नायूबंधाला बसणारा मार वाढत राहतो, शिवाय थकल्यावर धावण्याची ढब बिघडते ती वेगळीच. '३२ किमी झालेच पाहिजेत' हा आकडा वेगवान लोकांच्या वेळापत्रकातून आलेला आहे. ते तो अडीच तासांत संपवतात. नडगीचा त्रास असलेल्या माणसाने ३ तास १५ मिनिटांवर थांबावं, मग २५ होवोत की २६. उरलेलं काम आदल्या संध्याकाळच्या ८-१० किमीत आणि आठवड्यातला मधला पल्ला १६ पर्यंत नेऊन करा. थकल्या पायांवर धावण्याचा सराव त्यात आपोआप होतो.

नडगीचं. दुखणं नडगीच्या आतल्या कडेने पाच-सहा सेंटिमीटर पसरलेलं असेल, गरम झाल्यावर कमी होत असेल, तर बेरीज ३० टक्क्यांनी उतरवा आणि काम चालू ठेवा. बोटाच्या एका टोकाने 'इथेच' असं दाखवता येत असेल, धावताना वाढत जात असेल, रात्री ठणकत असेल किंवा त्या पायावर उडी मारल्यावर कळ येत असेल, तर ते हाडातल्या चिरेचं लक्षण समजून धावणं त्याच दिवशी बंद, आणि डॉक्टर. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीचे दोन-तीन आठवडे बहुधा काहीच दिसत नाही, म्हणून 'एक्स-रे चांगला आला' यावर निर्धास्त राहू नका. पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर तेही यातच धरा: खाणं खर्चाला पुरत नाहीये, हाड कमजोर होतंय. सतत थकवा असेल तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या, फक्त हिमोग्लोबिन बघून भागत नाही.

आठवड्यातून दोनदा २५ मिनिटं ताकदीची. एका पायावर टाचा उचलणं गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा वाकवून, दोन्ही ३ × १२, पायरीवरून एका पायाने हळू उतरणं, एका पायावरचा डेडलिफ्ट, कुशीवरचा प्लँक. गुडघा वाकवून केलेला टाच-उचल लोक सोडून देतात. नेमका तोच पोटरीच्या आतल्या सोलियस स्नायूला लागतो, आणि लांब अंतरात सगळ्यात जास्त भार त्याच्यावर असतो. हे जोराच्या दिवशी संध्याकाळी करा, लांब पल्ल्याच्या आदल्या दिवशी नको.

आणि धाव-चाल करायला लाजू नका. हिशेब देतो: ४ मिनिटं ६:५० ने धाव, १ मिनिट १०:३० ने चाल. पाच मिनिटांत ६८० मीटर होतात, सरासरी पेस ७:२१, फुल ५ तास १० मिनिटांत. अट एकच, पहिल्या किलोमीटरपासून करायचं. २८ ला थकल्यावर सुरू केलेली धाव-चाल म्हणजे नुसती चाल.

---

सावकाश:

@पोटरी, वेळेची मर्यादा ठेवावी हे मान्य, पण ३:१५ फार लवकर आहे. पाच तास पायांवर उभं राहायचं असताना सरावातला कमाल वेळ सव्वातीन तासच असेल, तर शेवटचे पावणेदोन तास पूर्ण अनोळखी राहतात, विशेषतः पोटाला. एकदा किंवा दोनदा ३:४० पर्यंत जाऊ द्या, त्यातही दर ५ मिनिटांनी १ मिनिट चालत. हाडावरचा मार घटतो, वेळ मात्र मिळतो. त्या आठवड्यात मात्र टेम्पो गाळा. नडगीने तक्रार केली तर तुमचाच आकडा.

---

दमछाक:

खूप उपयोगी. क रद्द. अ कडे कल आहे. लांब पल्ला ३:१५ वर ठेवते आणि नडगी शांत राहिली तर दोनदा ३:४०.

आता पोटाचं. हाफमध्ये दुसऱ्या जेलनंतर (धावताना घ्यायचं साखरेच्या पाकाचं पाकीट) मळमळ होते. जेल न घेता फुल होईल का? आणि पाणी किती? ग्रुपमध्ये सांगतात की प्रत्येक टेबलावर प्यायचंच.

---

शिदोरी:

जेल न घेता होईल, पण ३० नंतर काय होतं ते आकड्यांत बघा. धावायला किलोमागे किलोमीटरला साधारण १ कॅलरी लागते. ६२ × ४२.२ म्हणजे २,६०० च्या वर. स्नायू आणि यकृत मिळून साखरेचा साठा ४००-५०० ग्रॅम, म्हणजे १,६०० ते २,००० कॅलरी. उरलेलं चरबीतून येतं, पण चरबी संथ जळते, आणि वेग जितका जास्त तितका साखरेचा वाटा जास्त. पहिले १० किमी उत्साहात ६:३० ने गेलात तर तो साठा लवकर आटतो. लोक ज्याला भिंत म्हणतात ती ३०-३५ ला उभी राहते ती बव्हंशी यामुळे.

म्हणून तासाला ४५-५० ग्रॅम कार्बोहायड्रेट. बहुतेक जेलमध्ये २०-२५ ग्रॅम असतात, काहींत ४०, पाकिटामागे वाचा. २५ चं असेल तर दर अर्ध्या तासाला एक, पहिलं ३० व्या मिनिटाला, शेवटचं साडेचार तासांना. एकूण नऊ. तासाला ६० ग्रॅमच्या वर जायचं असेल तर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असलेलं लागतं, कारण आतड्यात दोघांची शोषायची वाट वेगळी आहे. तुम्हाला तेवढ्याची गरज नाही.

मळमळीची कारणं जास्त करून चार. जेल कोरडं गिळलं, किंवा पाण्याऐवजी स्पोर्ट्स ड्रिंकबरोबर घेतलं. दोन्हींत पोटात साखरेचा घट्ट पाक होतो आणि तो तिथेच बसून राहतो. जेलबरोबर १००-१५० मिली साधं पाणीच हवं. तिसरं, हाफमध्ये तुम्ही तुमच्या मर्यादेजवळ धावत असता, रक्त पायांकडे वळलेलं असतं, पोटाकडे कमी. फुलच्या पेसला तेच जेल बहुधा बसेल. चौथं, पोटाला सवय नाही. शेवटच्या ७-८ लांब पल्ल्यांत शर्यतीत जे घेणार तेच, तेवढ्याच अंतराने घ्या. सुरुवातीला दर १५ मिनिटांनी अर्धं जेल, पाकिटाचं तोंड मुरगाळून घट्ट बंद करून खिशात. तरी त्रास झाला तर चघळायच्या गोळ्या किंवा फक्त पेय वापरा, पण मग त्या पेयातले ग्रॅम मोजा. आदल्या दिवशी दुपारनंतर कडधान्यं, कच्चं सॅलड आणि दूध बंद.

पाणी. 'प्रत्येक टेबलावर प्यायचंच' हा सल्ला पाच तासांवाल्यांना धोक्याचा आहे. आधी तुमचा घाम मोजा: लघवीला जाऊन या, कपडे काढून वजन करा, दीड तास शर्यतीच्या पेसने धावा, अंग पुसून परत वजन. समजा ६२.४ चे ६१.२ झाले आणि मध्ये अर्धा लिटर प्यायलात. गेलं १.२ + ०.५ = १.७ लिटर, तासाला साधारण १.१. शर्यतीच्या दिवसासारख्याच हवेत मोजा. गार हवेत हाच आकडा अर्ध्यावर येतो.

आता अ मध्ये टेबलं दर अडीच किलोमीटरला असतील तर १६ होतात. प्रत्येक ठिकाणी २०० मिली प्यायलात तर ३.२ लिटर. उकाड्यात ५.५ लिटर घाम गाळणाऱ्याला ते चालेल. पण तीच सवय गार हवेत, जिथे पाच तासांत अडीच लिटरच जातात, तिथे शर्यत संपताना वजन वाढलेलं असेल. रक्तातलं सोडियम पातळ होतं, १३५ च्या खाली गेलं की ते हायपोनेट्रेमिया. २००२ च्या बॉस्टनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांमध्ये ते निघालं, आणि शर्यतीत वजन वाढणं, चार तासांहून जास्त लागणं या त्यातल्या ठळक खुणा होत्या. अंगठी घट्ट होणं, डोकेदुखी, उलटी, बोलण्यात गोंधळ, ही लक्षणं असताना 'पाणी कमी पडलं' म्हणून आणखी पाजलं तर जिवावर बेततं. मिठाच्या गोळ्या जास्तीचं पाणी भरून काढत नाहीत. तहान लागली की प्या, आणि घामाच्या आकड्याच्या वर कधीही जाऊ नका. दोन टक्के वजन घटलं तर काही बिघडत नाही.

शर्यतीच्या दिवशी आयबुप्रोफेन वगैरे वेदनाशामक नाही. निर्जळीत मूत्रपिंडावर ताण येतो आणि सोडियमचा घोळही वाढतो. 'दुखू नये म्हणून आधीच एक' हे तर अजिबात नाही.

शेवटचे दोन दिवस किलोला ८ ग्रॅमच्या हिशेबाने रोज ५०० ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट: भात, पाव, बटाटा, केळी, जे रोज पचतं ते. तेल-तूप आणि चोथा कमी करा, नाहीतर तेवढं पोटात मावत नाही. साखरेच्या साठ्याबरोबर पाणीही साठतं, त्यामुळे वजन किलो-दीड किलो वाढेल. ते इंधन आहे, आदल्या रात्री घाबरून जेवण टाळू नका. साडेपाचची शर्यत असेल तर अडीच-तीनला उठून १०० ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट खाऊन परत आडवं व्हायचं. याचा सरावही दोन लांब पल्ल्यांना करून बघा, कारण त्या वेळेला घशाखाली काही उतरत नाही अशी बऱ्याच जणांची अडचण असते.

---

दमछाक:

@शिदोरी, जेल मी स्पोर्ट्स ड्रिंकबरोबरच घेत होते, म्हणजे उत्तर मिळालं.

शेवटचे दोन प्रश्न. कार्बन प्लेटचे (तळात ताठ पट्टी असलेले) बूट घ्यावेत का? आणि हाफला घड्याळ २१.४ दाखवत होतं, मग पेस कशावर ठेवायचा?

---

चढउतार:

घड्याळ चुकीचं नाही, तुम्ही खरंच थोडं जास्त धावता. मार्ग वळणांच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून मोजलेला असतो, आपण गर्दीत बाहेरून वळतो. त्यात उंच इमारतींमधली जीपीएसची भटकंती मिळवा. फुलला घड्याळ ४२.६-४२.८ दाखवेल. म्हणजे घड्याळाच्या ७:०७ ने गेलात तर ५ तासांऐवजी ५:०३ होतात. ऑटो-लॅप (घड्याळाने दर किलोमीटरला आपोआप वेळ नोंदवणं) बंद करा, रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीवर हाताने लॅप दाबा. ५, १०, १५, हाफ, ३०, ३५ यांच्या ठरवलेल्या वेळा एका कागदावर लिहून बिबच्या (छातीवरच्या नंबराच्या) मागे उलट्या चिकटवा, म्हणजे उचलून वाचता येतात. पहिले ५ किमी ठरवलेल्या पेसपेक्षा १० सेकंद मंद. लोक तुमच्यापुढे जातील, जाऊ द्या.

कार्बन: सात मिनिटांच्या पेसला फायदा वेगवान लोकांपेक्षा कमी, आणि बुटाचा उंच, मऊ, डुलता तळ घोट्याला आणि पावलाच्या मधल्या हाडांना वेगळ्याच पद्धतीने भार देतो. नडगीचा इतिहास आहे, पाच तास धावायचंय, साधा भरपूर फोमचा बूट घ्या. सध्याच्या जोडीने ५०० किमीच्या वर केले असतील तर त्याच मॉडेलची दुसरी जोडी शर्यतीच्या दोन महिने आधी घ्या आणि दोन्ही आलटूनपालटून वापरा. शर्यतीच्या जोडीत ६०-८० किमी झालेले हवेत, त्यात एक २५ च्या वरचा पल्ला. उभं राहून सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा. चार तासांनंतर पाय सुजतो, घट्ट बुटात नखं काळी पडतात. जागा ठेवूनही पाय पुढे सरकत असेल तर घोट्याजवळच्या शेवटच्या जास्तीच्या भोकातून दोन्ही बाजूंना नाडीचा फास करून त्यातून उलट बाजूची नाडी ओवा, टाच जागेवर बसते.

टेपर (शर्यतीआधी बेरीज उतरवत नेणं) सांगायचा राहिला. शेवटचे तीन आठवडे बेरीज ७५ टक्के, मग ५५, मग शर्यत सोडून ३०. दिवस तेवढेच ठेवा, अंतर कापा, आणि थोडा जोर राहू द्या, म्हणजे शेवटच्या मंगळवारी ३ किमी शर्यतीच्या पेसने. पूर्ण आराम केलात तर पाय जड वाटतात. या काळात नडगी, गुडघा, घोटा, सगळं आळीपाळीने दुखल्याचा भास होतो, तो बहुधा दोन दिवसांत जातो.

---

पोटरी:

आजारपणात किंवा दुखण्यात एक आठवडा बुडाला तर भरून काढू नका, पुढच्या आठवड्याचंच चालू करा. दोन बुडाले तर दोन पायऱ्या मागून सुरू करा. शेवटच्या आठ आठवड्यांत सलग तीन बुडाले तर फुल सोडून त्याच दिवशीची हाफ. अ च्या नियमावलीत फुलवरून हाफवर बदलून घ्यायची शेवटची तारीख शोधा आणि नोंदणी करतानाच कॅलेंडरवर टाका. ती बरेचदा शर्यतीच्या चार-सहा आठवडे आधी संपते. बदलायची सोयच नसेल तर नोंदणी शक्य तितकी उशिरा करा, जागा भरायच्या थोडं आधी.

---

दमछाक:

बघितलं. बदल ३० दिवस आधीपर्यंत चालतो. कट-ऑफ मात्र बंदुकीपासून आहे आणि माझ्या वेळेचा गट १२ मिनिटांनी सुटतो.

---

चढउतार:

म्हणजे तुमच्या हातात ५ तास ४८ मिनिटं. पेस ८:१५ पर्यंत घसरला तरी चालतं, तुम्हाला अडचण नाही. फक्त मधले कट-ऑफ आहेत का तेही विचारून घ्या. दोन फेऱ्यांच्या शर्यतीत दुसऱ्या फेरीत शिरताना, २१ ला, एक असतो आणि तो बहुतेक वेळा माहितीपत्रकात नसून बिब वाटपाच्या वेळी दिलेल्या नकाशावर छापलेला असतो.